मागची खोली आणि विक्रीपत्रातील मौन

नागपुरातील आमच्या लेआउटच्या बगिच्यात संध्याकाळी बसणाऱ्या मंडळींमध्ये गेले काही दिवस एकच वाद सुरू आहे. एका निवृत्त शिक्षकांना घर विकून मुलाकडे पुण्याला जायचे आहे. घर १९८०च्या दशकातले. खालचा भाग मंजूर नकाशाप्रमाणे. पण मागच्या मोकळ्या जागेत नंतर काढलेली एक खोली आणि वर भाडेकरूसाठी चढवलेला अर्धा मजला नकाशात नाही. गिऱ्हाईक आले आहे, बयाणा व्हायचा आहे. सांगायचे की नाही? अर्धी मंडळी म्हणतात, "कायले सांगता जी, सारेच त बांधते. घेणाऱ्याले डोळे नाहीत का?" उरलेली तितक्याच ठामपणे म्हणतात की विनापरवाना ते विनापरवाना, पाडायलाच हवे, आणि अशा घरांची रजिस्ट्रीच सरकारने बंद करायला हवी. हाच वाद मी लग्नाच्या पंगतीत ऐकला आहे, वकिलाच्या ऑफिसबाहेरच्या बाकावर ऐकला आहे, आणि आमच्या स्वतःच्या घरात तर आठवडाभर ऐकला आहे.

दोन्ही बाजू चुकीच्या जागी भांडत आहेत, असे मला वाटते. खोली बांधली तेव्हा काय चुकले, यावर एक बाजू पांघरूण घालते आणि दुसरी काठी उगारते. घर एका कुटुंबाच्या हातून दुसऱ्याच्या हाती जाते त्या दिवशी काय होते, याकडे मात्र कोणीच पाहत नाही. माझे म्हणणे असे आहे: परवानगीशिवाय वाढवलेले घर विकायला मनाई नको, पण त्यातील कोणता भाग मंजूर आहे आणि कोणता नाही, हे विक्रीपत्रातच, नकाशासह, दोघांच्या सहीने लिहिणे बंधनकारक हवे. तोंडी सांगितले, दलालाच्या कानात सांगितले, "तुम्हाला कल्पना आहेच" म्हटले, हे पुरेसे नाही. आणि लपवून केलेली विक्री ही फसवणूकच आहे, मग विकणारा कितीही सज्जन असो.

आधी या खोल्या आल्या कुठून ते पाहू, कारण त्याशिवाय कोणाला दोष देणे अन्यायाचे होईल. नागपूरचा मोठा भाग नियोजनकारांच्या टेबलावर आखला गेलेला नाही. धरमपेठ, रामदासपेठ, लक्ष्मीनगर हे आखून वसलेले. पण मानेवाडा, हुडकेश्वर, दिघोरी, वाठोडा, जयताळा, पारडी या बाजूंना शेतजमिनी गृहनिर्माण सोसायट्यांनी घेतल्या, चुना टाकून प्लॉट पाडले आणि हप्त्यांवर विकले. अकृषक परवाना नाही, लेआउटला मंजुरी नाही. हातात एक वाटपपत्र आणि पावत्यांचा गठ्ठा. त्या प्लॉटवर कारकून, शिक्षक, गिरणी कामगार, रेल्वेतले लोक यांनी घरे उभारली. ५७२ लेआउट आणि १९०० लेआउट हे शब्द आज या शहरात कोणालाही समजावून सांगावे लागत नाहीत. हे आकडे म्हणजे अशा अनधिकृत अभिन्यासांच्या याद्या, आणि त्या नियमित करण्याचे काम नागपूर सुधार प्रन्यासकडे (नासुप्र) अनेक वर्षे चालले. २००१ मध्ये राज्याने गुंठेवारीचा, म्हणजे शेतजमिनीचे परवानगीशिवाय पाडलेले छोटे प्लॉट नियमित करण्याचा, कायदा आणला, त्यात १ जानेवारी २००१ पर्यंतच्या बांधकामांना संधी दिली. २०२१ मध्ये ती मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत वाढवली. म्हणजे ज्या शहरात जमिनीचा कागदच वीस-तीस वर्षांनी सरळ झाला, तिथे मागच्या खोलीसाठी नकाशा मंजूर करून घ्यायला कोण जाणार होते आणि कुठे?

दीड हजार चौरस फुटांचा प्लॉट. त्यावर बापाने आयुष्यभराच्या कमाईतून दोन खोल्या काढल्या. मग मोठ्याचे लग्न ठरले, मागच्या मार्जिनमध्ये, म्हणजे नियमाने मोकळी सोडायच्या जागेत, एक खोली आली. धाकटी सासरहून परत आली, वर टिनाच्या शेडखाली एक खोली आली. निवृत्तीनंतर पेन्शन पुरेना म्हणून शेड काढून स्लॅब टाकला आणि भाडेकरू ठेवला. यातल्या एकाही पावलावर लबाडीचा हेतू नाही. गरज पुढे होती, नियम मागे होता. नियम कुठल्या कार्यालयात आहे, महापालिकेत, नासुप्रमध्ये की शहराबाहेरच्या बेसा-बेलतरोडीत ग्रामपंचायतीकडे, हेही सामान्य माणसाला कळत नव्हते. म्हणून बांधणाऱ्याला मी गुन्हेगार मानत नाही. माझे वडीलही त्यातलेच.

पण बांधणे आणि विकणे यांत मूलभूत फरक आहे, आणि सगळा युक्तिवाद त्या फरकावर उभा आहे. स्वतःच्या घरात मी विनापरवाना खोली बांधली तर तिचा धोका मी पत्करतो, नोटीस आली तर माझ्या दारावर चिकटते, भिंतीला तडा गेला तर माझी माणसे आत असतात. ती खोली विकली की धोका दुसऱ्याच्या नावावर चढतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम, १९६६च्या कलम ५३ खालची, अनधिकृत बांधकाम हटवण्याची नोटीस खोली कोणी बांधली हे शोधत मुंबईला किंवा पुण्याला जात नाही, ती आजच्या मालकाला येते. जो धोका मी जाणूनबुजून घेतला तो दुसऱ्याच्या गळ्यात त्याच्या नकळत घालण्याचा अधिकार मला कोणी दिला?

इथे पहिला आक्षेप येतो आणि तो हलका नाही. घेणारा लहान मूल आहे का? वीस, पन्नास लाख, कोट रुपये मोजणाऱ्याने चौकशी करायला नको? खोली काही मातीखाली पुरलेली नाही, दिसते आहे. मंजूर नकाशाची प्रत मागता येते, माहितीच्या अधिकारात अर्ज करता येतो, वकील लावता येतो. हे सगळे खरे आहे. मालमत्ता हस्तांतरण अधिनियम, १८८२ याचे कलम ५५ सुद्धा विकणाऱ्यावर जे बंधन घालते ते याच मर्यादेत: मालमत्तेतील किंवा मालकी हक्कातील जो महत्त्वाचा दोष विकणाऱ्याला ठाऊक आहे, घेणाऱ्याला नाही, आणि साधारण काळजी घेऊनही जो घेणाऱ्याला सापडणार नाही, तो सांगितलाच पाहिजे. नकाशा सरकारी दप्तरात असेल तर तो "साधारण काळजी घेऊन सापडणारा" दोष की नाही, यावर दोन वकील दोन्ही बाजूंनी दिवसभर भांडू शकतील.

तरीही या कलमाच्या शेवटी काय म्हटले आहे ते विकणाऱ्या प्रत्येकाने वाचावे. असा दोष न सांगणे ही कपटाची कृती आहे, असे १८८२चा कायदा स्पष्ट म्हणतो. ज्या काळात वसाहतीच्या सरकारला इथल्या घर घेणाऱ्याची फारशी पर्वा असण्याचे कारण नव्हते, त्या काळातल्या कायद्यानेसुद्धा मौनाला निरपराध मानले नाही. आणि खोली "दिसते" म्हणजे काय दिसते? भिंत दिसते, फरशी दिसते, नवा रंग दिसतो. परवानगी दिसत नाही. ४० वर्षांपूर्वीचा नकाशा कोणत्या कार्यालयातल्या कोणत्या गठ्ठ्यात आहे हे विकणाऱ्याला माहीत असते. बहुधा त्याच्याच लोखंडी कपाटात त्याची निळी प्रत घडी घालून ठेवलेली असते. घेणाऱ्याला तीच प्रत मिळवायला चकरा माराव्या लागतात आणि तोवर "दुसरे गिऱ्हाईक तयार आहे" असा निरोप येतो. एकाच्या कपाटात असलेली गोष्ट दुसऱ्याने शहरभर शोधावी, याला काळजी घेणे म्हणत नाहीत.

आपल्या विक्रीपत्रांची भाषा पाहा. मौजा, खसरा क्रमांक, प्लॉट क्रमांक, आखीव पत्रिकेचा तपशील, पूर्वेला कोणाचा प्लॉट, पश्चिमेला किती फुटी रस्ता, सगळे काटेकोर. जमिनीची एक वीतही इकडची तिकडे होऊ नये म्हणून चतुःसीमा लिहिल्या जातात. आणि ज्यासाठी माणूस खरे पैसे मोजतो ते घर? "त्यावरील बांधकामासह." मुद्रांक शुल्कापुरता बांधीव क्षेत्रफळाचा एक आकडा, आणि त्यातले मंजूर किती याविषयी चकार शब्द नाही. ही दोन शब्दांची ओळ आपल्या शहरातील असंख्य कुटुंबांच्या झोपेवर बसली आहे. मला त्या ओळीच्या जागी दोन रकाने हवे आहेत: मंजूर इतके, प्रत्यक्ष इतके.

दुसरा आक्षेप टॅक्स पावतीचा. "वीस वर्षे त्या खोलीचा टॅक्स भरतो आहे, महावितरणचे वेगळे मीटर आहे, मग अनधिकृत कसे?" हा गैरसमज इतका खोल रुजला आहे की सुशिक्षित माणसेही पावती दाखवून घर विकतात. महापालिका कर घेते तो बांधकाम अस्तित्वात आहे म्हणून. बेकायदा बांधकामावर दुपटीने शास्ती लावण्याची तरतूद आपल्या महापालिका अधिनियमात आहे आणि ती वसूल केली म्हणून बांधकाम नियमित होत नाही, हेही त्याच तरतुदीत लिहिले आहे. १७ डिसेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने उत्तर प्रदेशातील एका प्रकरणात याहून पुढे जाऊन सांगितले: बरीच वर्षे उलटली, प्रशासन गप्प राहिले, मोठा खर्च झाला, यातल्या कशानेही विनापरवाना बांधकाम वैध ठरत नाही. त्याच निकालात बँकांनी भोगवटा प्रमाणपत्र तपासल्याशिवाय इमारतीवर कर्ज देऊ नये, असेही निर्देश आहेत. ज्यांना वाटते की वेळ हा आपला वकील आहे, त्यांनी हा निकाल समोर ठेवून विचार करावा.

तिसरा आक्षेप मला जास्त विचार करायला लावतो. "हे सगळे उद्या नियमित होणारच आहे, मग आज घेणाऱ्याला घाबरवून भाव का पाडायचा?" यात तथ्य आहे. २०१७ मध्ये १९६६च्या अधिनियमात कलम ५२-क घालून ३१ डिसेंबर २०१५ पर्यंतची काही बांधकामे शुल्क घेऊन नियमित करण्याचा मार्ग उघडला गेला. डिसेंबर २०२० पासून मुंबई वगळता राज्याच्या बहुतांश भागात लागू झालेल्या एकत्रिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीने चित्र आणखी बदलले. दाट वस्तीबाहेर मूळ चटई क्षेत्र निर्देशांक (प्लॉटच्या किती पट बांधता येते तो आकडा) १.१, त्यावर प्रीमियम भरून जादा, निवासी बांधकामाला ६० टक्क्यांपर्यंत अनुषंगिक क्षेत्र. म्हणजे १९९० मध्ये ज्या वरच्या मजल्याला परवानगी मिळाली नसती त्याला आज मिळू शकते. आमच्या भागात अशी कितीतरी घरे आहेत ज्यांचे मालक उगाच चोरासारखे जगत आहेत. एक वास्तुविशारद, एक अर्ज आणि थोडे शुल्क एवढ्यावर त्यांचे काम होईल.

पण मग प्रश्न उलटा विचारायला हवा. नियमित करणे इतके सोपे असेल तर विकणाऱ्याने विकण्याआधी का करून घेतले नाही? कारण त्यालाही खात्री नसते. चटई क्षेत्र वाढले तरी बाजूची मोकळी जागा वाढलेली नाही. शेजाऱ्याच्या भिंतीला टेकलेली मागची खोली कोणत्याच निर्देशांकाने बाजूला सरकत नाही. वरच्या मजल्याला स्थैर्याचा दाखला लागतो आणि तो देणारा अभियंता पाया विचारतो. "होऊन जाईल" हा शब्द विकणारा स्वतःवर आजमावत नाही, घेणाऱ्याला मात्र पूर्ण किमतीत विकतो. होणारच असेल तर अर्जाचा खर्च किमतीतून वजा करून विकणे, किंवा अर्ज करून मग विकणे, हे दोन सरळ रस्ते आहेत. त्या दोन्हींसाठी आधी बोलावे लागते.

पायाचा मुद्दा निघालाच आहे तर त्यावर थांबतो, कारण वादात याची सर्वांत कमी चर्चा होते आणि जीव यातच जातो. नागपूरच्या बऱ्याच भागात खाली काळी माती आहे. पावसाळ्यात ती फुगते, मे महिन्यात ४५ अंशांच्या उन्हात आक्रसून फाटते. अशा जमिनीवर एकमजली घरासाठी घेतलेला पाया, वर विटांच्याच भिंतींवर तोललेला स्लॅब, त्यावर कोणताही हिशेब न करता चढवलेला दुसरा स्लॅब आणि त्यावर दोन हजार लिटरची टाकी. जुना मालक हे जाणतो. कोणत्या कोपऱ्यात दरवर्षी तडा येतो आणि तो कसा बुजवायचा हेही त्याला माहीत असते. तो त्या खोलीत जड कपाट ठेवत नाही. नवा मालक आल्या आल्या आणखी एक मजला चढवायचा विचार करतो, कारण त्याला वाटते खालचे दोन्ही मजले रीतसर आहेत.

आता दुसऱ्या टोकाच्या मंडळींकडे वळतो. त्यांचा राग मला समजतो आणि त्यांच्याकडची उदाहरणे बोलती बंद करणारी आहेत. २०१७ मध्ये सुगतनगरातील एका टाऊनशिपमध्ये उच्चदाब वीजवाहिनीच्या संपर्कात येऊन दोन जुळे भाऊ गेले. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेतली, आणि तारांच्या जवळ सरकलेल्या घरांचा, गॅलऱ्यांचा प्रश्न शहरापुढे उभा राहिला. २३ सप्टेंबर २०२३च्या पहाटे अंबाझरी ओसंडला, नाग नदी अंबाझरी लेआउट, डागा लेआउट, कॉर्पोरेशन कॉलनीतल्या घरांत शिरली. पाण्याच्या वाटा आपण कुठे कुठे अडवल्या आहेत हे त्या चार तासांच्या पावसाने शहराला दाखवले. हे आठवले की कोणालाही वाटेल, पाडा सगळे. नाल्याच्या काठावरचे, तारेखालचे बांधकाम पाडलेच पाहिजे, यात माझा काडीचाही विरोध नाही. त्याची विक्री सांगून केली तरी ती मला मान्य नाही. जीवघेणी गोष्ट कबुलीजबाबाने सुरक्षित होत नाही.

पण रजिस्ट्रीच बंद करा, ही मागणी आपण आधी एकदा करून पाहिली आहे, वेगळ्या नावाने. १९७६चा नागरी जमीन कमाल धारणा कायदा जमिनीचे व्यवहार आवळायला आला. नागपूरही त्याच्या कक्षेत होते. महाराष्ट्राने तो २००७ मध्ये निरस्त केला. मधल्या तीन दशकांत लोकांनी जमीन घेणे-विकणे थांबवले का? व्यवहार मुख्तारपत्रांवर, शंभर रुपयांच्या स्टॅम्प पेपरवर, सोसायटीच्या पावत्यांवर गेले. रीतसर मार्ग अरुंद झाला की शहर आडमार्गाने वाढते, आणि आपली अनधिकृत लेआउटे त्याच काळात फोफावली. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाला स्पष्ट सांगावे लागले की मुख्तारपत्रावर मालकी हस्तांतरित होत नाही. तोवर किती विधवा, किती म्हातारे दुय्यम निबंधकांच्या दारात रिकाम्या हाताने उभे राहिले असतील? रजिस्ट्री बंद केली तर ज्याला मुलीच्या उपचारासाठी, कर्ज फेडण्यासाठी घर विकायचे आहे तो विकणारच. फक्त तो नोटरीकडे विकेल, निम्म्या भावात विकेल, आणि घेणाऱ्याच्या हाती आजच्याहून कमजोर कागद पडेल. ज्याचे रक्षण करायचे म्हणून बंदी आणायची तोच सर्वांत आधी उघडा पडेल.

"पाडा" म्हणणाऱ्यांना आणखी एक विचारायचे आहे. कोणाचे पाडणार? शहरात जे सर्वत्र आहे ते पाडायचे म्हटले की निवड येते, आणि निवड आली की हातोड्याला चेहरा मिळतो. २०२५च्या मार्चमध्ये शहरातील दंगलीनंतर आरोपीच्या घराच्या बांधकामावर बुलडोझर चालला तेव्हा नागपूर खंडपीठाला सुनावणीशिवाय केलेली ती कारवाई थांबवावी लागली. १३ नोव्हेंबर २०२४ला सर्वोच्च न्यायालयाने १५ दिवसांच्या नोटिशीचे बंधन घातल्यानंतर अवघ्या काही महिन्यांत हे घडले. त्या प्रकरणातल्या आरोपांबद्दल मला इथे काही म्हणायचे नाही. मला एवढेच दिसते की लपलेले अनधिकृत बांधकाम ही मालकाच्या मानेवरची सुरी आहे, आणि ती कधी व कोणासाठी फिरेल हे त्याच्या हातात नसते. शेजाऱ्याशी पार्किंगवरून भांडण झाले तरी पुरते. अशी सुरी किमतीत मोजून, दाखवून द्यायची की गादीखाली ठेवून?

चौथा आक्षेप शेवटी घेतो, कारण मला तो सर्वांत खरा वाटतो. बगिच्यातल्या एका काकांनी तो मांडला: "मी सांगितलं तर माझं घर पाच लाखांनी पडेल. समोरचा सांगणार नाही, त्याचं पूर्ण भावात जाईल. खरं बोलण्याचा दंड मीच का भरू?" याला नीतीचा उपदेश हे उत्तर नाही. एकट्या प्रामाणिक माणसाला शिक्षा होते हे खरेच आहे आणि म्हणूनच मी हा प्रश्न सद्सद्विवेकावर सोडायला तयार नाही. इतवारीच्या सराफ्यात एके काळी सोन्याचा कस हा दुकानदाराच्या शब्दावर चालत होता. चोख देणारा सराफ आणि भेसळ करणारा सराफ एकाच भावाने बोलत, आणि नुकसान चोख देणाऱ्याचे होई. १६ जून २०२१पासून हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा होत गेला, तसा कसाचा आकडा दागिन्यावरच आला. जुनी मोटार घेताना आपण आरसी बुक पाहतोच ना? गाडीला गॅसचे किट बसवले असेल आणि ते आरसीवर चढवलेले नसेल तर घेणारा हात मागे घेतो, विम्याचा घोळ होईल म्हणून. दोन लाखांच्या गाडीत केलेला बदल कागदावर हवा आणि साठ लाखांच्या घरात केलेला नको? सगळ्यांनाच सांगावे लागले की सांगणाऱ्याचा दंड संपतो. मग भाव पडला तर तो खरा भाव असेल, आणि आजवर कोणीतरी तो फरक आंधळेपणाने भरत होता एवढाच त्याचा अर्थ.

या फरकाचे आणखी एक काळे अंग आहे. बँकेचा मूल्यांकक मंजूर भाग धरून आकडा काढतो. उरलेल्या खोल्यांची किंमत मग कुठून येते? रोखीतून. स्थावराच्या व्यवहारात २०,००० रुपये किंवा त्याहून अधिक रोख घ्यायला आयकर कायद्याची मनाई असताना पिशव्या फिरतात, आणि त्याचे एक मोठे कारण ही न बोललेली बांधकामे आहेत. घेणारा नोकरदार असेल तर तो ही रोख सावकाराकडून किंवा बायकोचे दागिने मोडून उभी करतो. पुढे खोली पडली तर कागदावर तिची किंमत शून्य. परत मागणार कशाच्या आधारावर? रेरा त्याला मदत करणार नाही, कारण तो कायदा बिल्डर आणि प्रवर्तकासाठी आहे. दोन कुटुंबांमधली जुन्या घराची विक्री त्यात येत नाही.

मुंबईच्या वरळीतील कॅम्पा कोला कम्पाउंड आठवा. पाच मजल्यांची परवानगी, आणि उभ्या राहिल्या त्यातल्या एका इमारतीला सतरा तर दुसरीला वीस मजले. १९८०च्या दशकात ज्यांनी वरचे फ्लॅट घेतले त्यांच्यापैकी काहींना अंदाज होता, काहींना बिल्डरने "होऊन जाईल" म्हटले होते, काहींनी पुढे दुसऱ्या-तिसऱ्या हातून घेतले. २०१३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने नियमित करायला नकार दिला आणि जून २०१४ मध्ये पालिकेचे पथक वीज आणि गॅस तोडायला दारात आले. दूरचित्रवाणीवर रडणाऱ्या बायका, आडवे झालेले म्हातारे आपण पाहिले. तेव्हा अख्खा देश भांडत होता की या लोकांवर दया करावी की नाही. मला तेव्हाही वाटले होते आणि आजही वाटते की खरी गोष्ट तीस वर्षांपूर्वीच्या करारपत्रांत होती. पहिल्या विक्रीत एका ओळीने लिहिले असते की हा मजला मंजूर नाही, तर किती जणांनी सही केली असती?

मग करायचे काय? फार मोठे काही नको. नोंदणीच्या वेळी विक्रीपत्राला मंजूर नकाशाची प्रत आणि आजच्या बांधकामाचा साधा रेखाटलेला आराखडा, दोन्ही जोडलेले हवेत. एकात काय आहे आणि दुसऱ्यात काय जास्त, हे मराठीत एका परिच्छेदात. नकाशाच अस्तित्वात नसेल, आणि आपल्या गुंठेवारी भागात तसे अनेकदा असेल, तर "नकाशा मंजूर नाही" हे स्वच्छ लिहावे. २०१५च्या लोकसेवा हक्क कायद्याच्या चौकटीत जुन्या मंजूर नकाशाची प्रमाणित प्रत ठरलेल्या दिवसांत मिळाली पाहिजे, मग ती महापालिकेत असो की नासुप्रमध्ये, आणि ती मागणाऱ्याला घेणारा म्हणून मागण्याचा हक्क हवा, मालकाच्या सहीची अट नको. आणि ज्याने विक्रीपत्रात खरे लिहिले त्याच्यावर त्या लिहिण्याच्या आधारे दुसऱ्या दिवशी पाडापाडीची नोटीस काढू नये. त्याला आणि नव्या मालकाला मिळून नियमित करण्याचा अर्ज करायला वाजवी मुदत द्यावी. नाही तर कोण लिहील? तारेखालची, नाल्यावरची बांधकामे यातून वगळावीत. हे सरकारने करेपर्यंत वकिलांनी थांबायचे कारण नाही. दोन रकाने लिहायला आजही कोणता कायदा आडवा येत नाही.

आमचे घर आम्ही विकले तेव्हा हे सगळे मला इतके नीट सुचले नव्हते. बाबांनी मागे काढलेली खोली नकाशात नव्हती. धाकटा म्हणाला, "दादा, कशाला उकरून काढतो? त्यांनी विचारलं तर सांगू." आईने विचारले की नव्या घरात लहान मुले आहेत का. आहेत, दोन. मग ती म्हणाली, "त्या खोलीच्या छतातून पाणी येतं ते तरी सांगा. आणि ती कागदावर नाही तेही सांगा. उद्या ती बाई माझ्यासारखीच तिथं स्वयंपाक करणार." गिऱ्हाईक ऐकून गेले आणि दहा दिवस फिरकले नाही. त्या दहा दिवसांत धाकट्याने माझ्याशी धड बोलणे केले नाही. अकराव्या दिवशी ते आले ते एका अभियंत्याला घेऊन. त्यांनी भिंत ठोकून पाहिली, छत पाहिले, कागदावर काहीतरी मांडले आणि साडेतीन लाख कमी सांगितले. आम्ही दोन लाख सत्तर हजारांवर आलो. विक्रीपत्राला मी ड्राफ्ट्समनकडून काढून घेतलेला आराखडा जोडला, त्यात ती खोली तुटक रेषेने दाखवली होती. वकिलाला ते आवडले नाही, असे कोणी करत नाही म्हणाला. बाबांची निळी नकाशाप्रत मी घेणाऱ्यांच्या हातात दिली तेव्हा त्या गृहस्थांनी ती खिडकीशी नेऊन उजेडात धरली आणि बायकोला बोट लावून दाखवले, हे इथपर्यंत आपले पक्के, आणि हे इथून पुढचे करून घ्यायचे आहे.